केळीच्या खोडावरची अक्षरं

केळीच्या खोडावर टोकदार काहीतरी ओढलं, तर आधी काहीच दिसत नाही. पाण्यासारखा चीक सुटतो, बोट ओलं होतं, एवढंच. मग ती रेघ हळूहळू तांबूस होते आणि दुपारपर्यंत काळी पडते. वाडीतल्या मुलांना हे कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी केळीवर नाव कोरलं आहे आणि त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत. पण केळीवर कुणी मनातलं लिहितं, हे मी एकदाच पाहिलं. जी लिहीत होती ती एके काळी फार मोठी नर्तकी होती. तेव्हा तिचं मन ठिकाणावर नव्हतं, असं सगळे म्हणत.

वसईकडच्या निर्मळजवळ आमची लहानशी वाडी. मध्ये बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी देणारं मोठं तळं, आणि त्याच्या पलीकडे काकांची वाडी. काका आमच्या नात्यातले नव्हते. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. पण बावखलाचं पाणी दोघांचं होतं, आणि एकाच पाण्यावर केळी वाढवणारी माणसं फार दिवस परकी राहू शकत नाहीत. नर्तकी ही काकांची धाकटी बहीण. काकांच्या मुली तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणायचे. समोर बोलताना ‘तुम्ही’, मनात ‘ती’.

लहानपणी तिला शिकायला दादरला मावशीकडे ठेवलं होतं. शाळेपेक्षा नाचातच ती जास्त शिकली. भरतनाट्यम. ती मोठी झाली म्हणजे किती मोठी, हे आमच्या गावाला कधी नीट कळलं नाही. परदेशांत तिचे कार्यक्रम झाले होते. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या एका वयस्कर सिस्टरनं तिला मुंबईत पाहिलं होतं. मी तिच्या शेजारी राहते हे कळल्यावर सिस्टर शिकवता शिकवता थांबल्या. म्हणाल्या, तिनं नुसती मान वळवली तरी सभागृहातल्या माणसांना वाटायचं, त्या बाजूनं कुणीतरी आलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला आणि मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधू लागले. पेन्सिल पडलेली नव्हती.

गावात मात्र ‘ती नाचणारी’ असंच म्हणायचे. आणि मग जरा थांबून, ‘पण चांगल्या घरची’.

ती परत आली तेव्हा मी आठवीत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. काय झालं ते काकूंनी आईला सांगितलं, आणि मी तिथं मटार सोलत बसले होते म्हणून मला कळलं. मुंबईतल्या एका कार्यक्रमात ती नाचता नाचता गुडघे वाकवून अर्धं बसण्याच्या मुद्रेत आली आणि तशीच राहिली. उठलीच नाही. मृदंग पुढं गेला, गाणारी बाई पुढं गेली, मग दोघं मागं आली. ही तशीच. लोकांना वाटलं, हा नृत्याचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“टाळ्या वाजत राहिल्या आणि हिला उचलून आत न्यावं लागलं,” काकू म्हणाल्या. “अजून म्हणते, मी कुठं थांबले होते? पाय थांबले होते.”

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. लिहिणं-वाचणं बंद, डोक्याला ताण नको. आल्या आल्या ती मिळेल त्या कागदावर लिहायची, जेवण विसरायची, म्हणून काकूंनी घरातले सगळे कागद उचलून ठेवले. किराण्याच्या पुड्यासुद्धा सोडवल्या सोडवल्या चुलीत जायच्या.

मग तिनं केसांतला आकडा काढला आणि केळीवर लिहायला लागली.

मला ते कळलं काकूंकडे ताक आणायला जाताना. वाट केळींमधूनच होती. एका जाड खोडावर माझ्या डोळ्यांच्या उंचीला काळी अक्षरं होती. मी वाचायला लागले. सांगायला हवं की मला मराठी वाचायला वेळ लागायचा. शाळेत मराठी हा नुसता पास होण्याचा विषय होता आणि घरी आम्ही बोलायचो ती बोली कुठल्याच पुस्तकात नव्हती. म्हणजे दोन मराठी होत्या आणि दोन्हीत मला लिहिता येत नव्हतं. मी ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत वाचत होते: त धि गि ण तोम. पुन्हा वाचलं. मला वाटलं मलाच वाचता येत नाही.

“बरोबर वाचलंस,” मागून आवाज आला. “पण तोममध्ये जरा थांबायचं. दार लावल्यासारखं.”

आत्या बांधावर उभी होती. अंगावर काकूंचं जुनं सुती लुगडं, आणि त्यावर चिकाचे डाग. केळीचा चीक धुऊन जात नाही.

“मला मराठी हळू वाचता येतं,” मी म्हणाले.

“बरंय की. मी हळूच लिहिलंय.”

मी ताकाचं भांडं दोन्ही हातांनी धरून उभी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू बोलत नाहीस ना फारशी?”

मी मान हलवली.

“मग चालेल. वाच तू.”

त्यानंतर मी वाचत गेले. ती सकाळी लिहायची, मी शाळेतून आल्यावर वाचायचे, तोवर अक्षरं उमटलेली असायची. तिला ते फार आवडायचं. “कागदावरचं लिहिताना कुणीही खांद्यावरून बघतं,” ती एकदा म्हणाली. “हे मी इथून निघून गेल्यावर दिसतं. तोवर मी घरात, पाटावर, शहाणी.”

सुरुवातीला ते सगळं नाचाचं होतं. बोल, कुठला पाय कुठं, नजर कुठं. मला त्यातलं काही कळत नसे. मग वाक्यं येऊ लागली. मला आठवतात ती अशी:

‘घुंगरं काढून ठेवली. कान काढून ठेवता येत नाहीत.’

‘बसायचं तर अर्धंच. पूर्ण बसलं की माती धरून ठेवते.’

‘आज हाताचं कमळ उघडलं नाही. बोटं म्हणाली, कुणासाठी?’

‘डावा पाय मला ओळखत नव्हता. त्याला हाक मारली तर उजव्यानं ओ दिली.’

हे वाचताना मला भीती वाटायची आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायचे. मराठी वाक्याला एक चाल असते, हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या खोडांवरून कळलं. पण ती वाक्यं टिकायची नाहीत. केळीचा लोंगर, म्हणजे घड, तयार झाला की तो उतरवतात आणि ती केळ तोडतात. एकदा फळ दिलं की तिचं काम संपलं. बुंध्यातून फुटलेले मुनवे, म्हणजे नवे कोंब, वाढायला जागा हवी असते. खोडाचे तुकडे करून दुसऱ्या केळींच्या बुंध्याशी टाकतात, तिथं ते कुजतात. आत्याला लिहायला जाड, गुळगुळीत खोड लागायचं, आणि जाड खोड म्हणजे लवकरच तुटणारं खोड. काका लिहिलेल्या केळी शेवटी तोडायचे. तरी तोडायला लागायच्याच.

एकदा मी तिला म्हटलं, “कमळाचं गेलं. काल तोडली ती केळ.”

“गेलं तर गेलं. नाचलेलं तरी कुठं राहतं? टाळ्या संपल्या की मागं बाई फडकं घेऊन उभीच असते.”

तिला नाचताना मी पाहिलं नाही. पाहिलं ते इतकंच. बावखलाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो आणि मी धीर करून विचारलं, पाय न हलवता नाचता येतं का? ती बसल्या जागी थोडी पुढं झुकली. पाण्यात पाहिलं, पदर सारखा केला, कपाळावरची बट मागं सारली. एक बाई पाण्यात आपलं तोंड बघते आहे, हे मला कळलं. मग तिची नजर जराशी बदलली. पाण्यातलं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी होतं. तिनं हात मागं घेतला, पाण्यातलीनं घेतला नाही. मी उठून दोन पायऱ्या वर गेले होते, ते मला नंतर कळलं.

आत्या हसायला लागली. “घाबरलीस ना? मग अजून जमतंय.”

पुढच्या दोन वर्षांत वाक्यं बदलत गेली. नाच कमी झाला, पाय राहिले. ‘माझे पाय माझ्याशिवाय बाहेर जातात. पहाटे येतात तेव्हा ओले असतात. मी विचारत नाही.’ हे तिनं कितीतरी खोडांवर लिहिलं, जवळजवळ त्याच शब्दांत. काकू आईला सांगायच्या, “उजाडायच्या आत उठून वाडीभर फिरते. चिखलानं भरलेले पाय मी धुवायचे. विचारलं कुठं गेली होतीस, तर म्हणते, मी झोपले होते.”

काकू वाईट नव्हत्या. आत्याचे पाय त्या खरंच स्वतः धुवायच्या, कोमट पाण्यानं. पण त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. “स्थळं येतात ती आधी तिचंच विचारतात,” त्या म्हणायच्या. “घराण्यात आहे का, म्हणून. मी काय सांगू? आमच्यात फक्त केळी आहेत म्हणून सांगू?”

काका तिला पुन्हा मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आल्यावर आमच्या ओटीवर पप्पांपाशी बसले. मी दाराआड होते.

“दोनच रस्ते म्हणाले. माणसांत मिसळली, धड जेवली-बसली, तर राहू दे घरी. नाहीतर इस्पितळात ठेवावी लागेल. किती दिवस ते काही बोलले नाहीत.”

पप्पांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

“तुमच्या मुलीचं लग्न आहे ना जानेवारीत,” काका म्हणाले. “आणू का तिला? चार माणसांत बसली, जेवली, घरी आली, की मला डॉक्टरला सांगायला तोंड होईल. आमच्या हिलाही सांगता येईल, बघ, राहते की नीट.”

“विचारतोस काय? आण,” पप्पा म्हणाले. “आमच्या लग्नात शहाणे किती येतात तेही बघायला मिळेल तिला.”

काका हसले. खूप दिवसांनी हसले असावेत, कारण मध्येच थांबून त्यांनी तोंड पुसलं.

माझ्या मोठ्या बहिणीचं ते लग्न. आत्याला ते कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तिनं मला बावखलाशी बोलावलं.

“तुमच्यात टाळ्या कधी वाजवतात?”

“केक कापल्यावर. आणि टोस्ट झाल्यावर.”

“उभं राहून की बसून?”

“टोस्टला उभं राहतात.”

“हातात ग्लास असेल तर टाळ्या कशा वाजवायच्या?”

मी तोवर त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

मग तिनं पायरीवर बसून पाहुणी करून दाखवली. हात मांडीवर, पदर खांद्यावरून पुढं, मान जरा कलती. शेजारच्या न दिसणाऱ्या बाईला म्हणाली, “उन्हाचा काय त्रास नाही झाला येताना?” उत्तर ऐकलं, पुरेसं हसली. जेवण वाढणाऱ्याला हातानंच बस म्हणाली, आणि तो वाढतोय हे पाहून “अहो, अहो” केलं. शेवटी उठून माझ्या आईपुढं आल्यासारखी थांबली. “लग्न छान झालं. मुलगी गोड दिसत होती.”

ती हुबेहूब काकू होती. काकूंची डाव्या पायावर भार देऊन उभं राहायची लकबसुद्धा. मी हसले तर ती म्हणाली, “हसू नको. मी राक्षस केलेत, देव केलेत, हरीण केलंय. हे सगळ्यांत अवघड आहे. यात काहीच करायचं नसतं.”

रोज संध्याकाळी तिनं तालीम केली. आत येणं, बसणं, जेवणं, लग्न छान झालं. तिचं अगदी पक्कं झालं होतं. माझी खात्री होती, आणि ती खात्री चुकीची नव्हती असं मला अजून वाटतं.

आमच्या गावात लग्नाच्या मांडवाला दाराशी केळीचे खांब लावतात, आमच्यातही आणि त्यांच्यातही. ते विकत आणत नाहीत. शेजारच्या वाडीतून यायला हवेत, लोंगरासकट, आणि देणारा आपल्या वाडीतल्या सगळ्यांत चांगल्या केळी देतो. त्यात त्याची शोभा असते. काकांनी लग्नाच्या पहाटे दोन केळी तोडल्या. उंच, सरळ, लोंगर भरलेला. कामणहून आलेल्या दोन गड्यांनी त्या खांद्यावरून आणल्या. “काकानी लय शोधून दिल्यात,” त्यांतला एक पप्पांना म्हणाला. “ही नको, ती नको. पानी पन पाजलं नाय आमाला तवर.”

काकांनी शोधून दिल्या, कारण लिहिलेली केळ मांडवाला जाऊ नये, एवढंच त्यांना बघायचं होतं. प्रत्येक खोडाला त्यांनी सगळीकडून पाहिलं होतं, हात फिरवून पाहिलं होतं. खोडं स्वच्छ होती.

मी तेव्हा आत केसांना पिना लावून घेत होते. करवलीचा फ्रॉक गुलाबी होता आणि मला तो आवडला नव्हता. आम्ही चर्चला गेलो तेव्हा दाराशी नुसत्या हिरव्या, गुळगुळीत केळी होत्या, वर लाल-पिवळे कागद. मिस्सा झाली, फोटो झाले, बँड पुढं आणि आम्ही मागं असे घरी परतलो, तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती.

मांडवाच्या दाराशी गर्दी अडली होती. नवरा-नवरीला आत घ्यायच्या आधी ओवाळायचं होतं, म्हणून सगळे थांबले होते, आणि थांबलेल्या माणसांना दाराशी वाचायला काहीतरी मिळालं होतं.

नवऱ्याच्या मामांनी चष्मा वर-खाली करून मोठ्यानं वाचलं. “माझे पाय... माझ्याशिवाय बाहेर जातात. अरे वा! यजमानांनी दारावर गोष्ट लिहून ठेवली आहे.”

“पुढं काय?” कुणीतरी विचारलं.

“पहाटे येतात तेव्हा ओले असतात.”

“माझ्या नवऱ्याचंच लिहिलंय ओ,” मागून एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले.

“हसताय काय,” दुसरी म्हणाली. “नवरीच्या वाटेत असलं लिहितात? कुणी केलेलं-बिलेलं असेल. पुसा आधी.”

“केळीचं पुसतं होय कधी?”

मला समजलं. पहाटे लिहिलेलं, पहाटे न दिसलेलं. मी पुढं जायला बघितलं, पण माझ्या हातात बहिणीच्या झग्याचं टोक होतं आणि ते जमिनीला लागू द्यायचं नाही असं मला बजावलेलं होतं.

त्याच वेळी वाटेनं काका, काकू आणि आत्या आले. आत्यानं आंब्याच्या रंगाचं रेशमी पातळ नेसलं होतं, केसांत मोगरा होता, आकडे सगळे जागच्या जागी. ती तालमीत चालायची तशीच चालत होती. इतकी सुंदर होती की दोन-तीन माणसं बाजूला सरली.

मामा दुसऱ्या खांबाकडे वळले होते. त्या खांबावरचं मी त्याआधी वाचलेलं नव्हतं. ते त्याच दिवशीचं होतं. “आज माणसांत जायचं,” त्यांनी वाचलं. चांगला खणखणीत आवाज होता, ते चर्चमध्ये वाचन करत असणार. “माणूस व्हायचं. हात मांडीवर. घाबरलं तर पाणी मागायचं. सगळे मागतात.”

पुन्हा हशा उठला, पहिल्याहून मोठा. त्यात दुष्टपणा नव्हता. लग्नाला आलेली माणसं हसायलाच आलेली असतात.

आत्या थांबली. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून सांगते, ती लगेच ढळली नाही. तिनं मान जरा कलती केली. पुरेसं हसली. जवळ उभ्या असलेल्या माझ्या आईला म्हणाली, “लग्न छान झालं. मुलगी गोड दिसत होती.”

“अगं, अजून आत तरी कुठं गेलोय,” आई म्हणाली. ती प्रेमानंच म्हणाली.

आत्यानं आईकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. मग गर्दीतून सरळ पुढं गेली आणि त्या दुसऱ्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात मागं नेऊन तिनं खोड धरलं. अक्षरं उंच होती म्हणून आधी चवड्यांवर उठली, मग खालची दिसत होती म्हणून गुडघे वाकवून खाली झाली. अर्धी. आणि तशीच राहिली.

“चल गं, आत बसू,” काका म्हणाले.

“मी बरी आहे इथं. तुम्ही व्हा पुढं.”

“ही ती नाचणारी ना?” कुणीतरी विचारलं. “नाच आहे वाटतं!” आणि बँडवाल्यांना तेवढं पुरलं. ढोलवाल्यानं ठेका धरला, क्लॅरिनेटनं उचलला. दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. पप्पा हात हलवून त्यांना थांबा म्हणत होते आणि त्यांना वाटलं, पप्पा ताल देताहेत.

ती हलली नाही. तिच्या पायांना कंप सुटला होता, पण ती उठली नाही. नवरा-नवरी बाजूनं आत गेले. केक कापला, टोस्ट झाला, जेवणं सुरू झाली. ती तिथंच. काकूंनी पाणी आणलं, ते तिनं नको म्हटलं. शेवटी काकांनी आणि पप्पांनी तिची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा ती ओरडली. तो आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही.

पुढच्या आठवड्यात काकांनी तिला इस्पितळात नेलं. टॅक्सी वसईहून बोलावली होती, काकू पुढं बसल्या. जायच्या आदल्या दिवशी काका आमच्या ओटीवर आले होते. पप्पांनी त्यांना बसायला सांगितलं, तरी ते उभेच राहिले.

“मी हात फिरवून बघितली होती,” ते म्हणाले. “दोन्ही खोडं. हात ओला लागला. मला वाटलं दव आहे.”

त्यांनी पंजा उघडून पप्पांना दाखवला, जणू अजून ओला असेल. “आयुष्य केळीत गेलं माझं. आणि मला दव वाटलं.”

पप्पांनी दोन्ही खांब लग्नाच्या संध्याकाळीच उपटले होते आणि अक्षरं खाली येतील असे बांधाला टाकले होते. एरवी ते सुकेपर्यंत ठेवायची पद्धत आहे. आंब्याच्या रंगाचं पातळ कितीतरी दिवस काकूंच्या वळणीवर होतं. पाठीवर मोठा तपकिरी डाग. एकदा कुणी नसताना मी ते जवळ जाऊन पाहिलं. त्यात अक्षरं उलटी उमटली असतील असं मला वाटलं होतं. नव्हती. नुसता डाग होता.

ती परत आली तेव्हा मी कॉलेजात होते. चेहरा भरला होता, हात जरा थरथरायचे, गोळ्या वेळेवर घ्यायची. पहाटे उठत नसे. काकूंच्या मोठ्या मुलीच्या लग्नात ती सगळ्यांत बसली, जेवली, “उन्हाचा त्रास नाही ना झाला” विचारलं. लोक काकांना म्हणाले, किती सुधारली हो. काका “हो, हो” म्हणत होते आणि तिच्याकडे बघत होते.

डॉक्टरांनी आता लिहायला हरकत नाही असं सांगितलं होतं. काकांनी स्वतः जाऊन चांगली वही आणली, शाईचं पेन आणलं. वही कितीतरी दिवस तशीच राहिली. मग त्यांनी मला बोलावलं. “तुझ्याशी बोलायची ती. बघ काही लिहिते का. केळीवर लिहिलं तरी चालेल म्हणावं. मी तोडणार नाही.”

ती पडवीत बसली होती. मी शेजारी बसले. वाडीत नुकतं पाणी सोडलं होतं आणि पाटातून त्याचा आवाज येत होता. मला तिला सांगायचं होतं की कमळाचं मला पाठ आहे, घुंगरांचं पाठ आहे, मी कुणाला कधी सांगितलं नाही. माझ्या तोंडून एवढंच आलं, “आत्या, काही लिहीत नाही का हल्ली?”

तिनं मान जरा कलती केली, प्रश्न नीट समजून घेतल्यासारखी.

“काय लिहू?” ती म्हणाली. “पाय आता घरीच असतात.”

आणि तिनं पातळ जरा पुढं ओढून ते झाकून घेतले.